हिरूबाईचा उकिरडा

हिरूबाई उकिरड्यात हात घालायची तो थेट कोपरापर्यंत. बांगड्या वर सरकवायची, दातओठ खायची आणि कुणाच्या पोटात सुरी खुपसावी तसा हात आत खुपसायची. मग डोळे मिटून आकडे मोजायची. दहा व्हायच्या आत चटका बसून हात बाहेर ओढावा लागला, तर स्वारी खूश. "तापलाय मेला!" म्हणायची आणि तो लालबुंद, वास मारणारा हात पदराला पुसायची. दहापर्यंत मोजूनही हात आतच राहिला, तर मात्र तिचं डोकं फिरायचं. ढीग थंड पडला म्हणजे कुणीतरी कामचुकारपणा केला, असा तिचा हिशेब. ती दाताळं उचलायची आणि त्या ढिगावर अशी तुटून पडायची की रस्त्याने जाणारे दोन पावलं लांबून जायचे.

माझी आणि तिची ओळख त्या हातानेच झाली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लालबागची दहा बाय बाराची खोली विकून आम्ही मीरा रोडला, पेणकरपाड्यात, नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो. वन रूम किचन, पहिला मजला, स्वयंपाकघराला स्वतंत्र खिडकी. त्या खिडकीचं मला फार कौतुक होतं. ताबा मिळेपर्यंत ती बंद होती, हे तेव्हा लक्षात आलं नाही. पहिल्या सकाळी सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, ती उघडली आणि लगेच आपटून बंद केली. खाली कंपाउंडची भिंत, भिंतीला लागून पुरुषभर उंचीचा उकिरडा, आणि त्यावर चढून माशांची डोकी कोयत्याने ठेचणारी एक काळीसावळी, कासोटा घातलेली बाई.

मी सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून. जगातला प्रत्येक प्रश्न अर्जाने सुटतो, अशी माझी ठाम समजूत होती. मी एक पानभर अर्ज लिहिला. आरोग्यास अपाय, रहिवाशांची कुचंबणा, ढीग सात दिवसांच्या आत हलवावा, वगैरे वगैरे. खाली आमचे चेअरमन सावंत यांची सही घेतली आणि रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याकडे गेलो. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच तो मोठ्याने वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"झाला वाचून?"

"झाला."

"दे इकरं." तिने अर्ज घेतला, चार तुकडे केले आणि ढिगात कोंबला. "कागद बरा कुजतो," म्हणाली. मग माझं मनगट धरलं. पन्नाशीच्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत माझा इस्त्रीच्या बाहीसकट हात त्या ढिगात कोपरापर्यंत गेला होता. मी ओरडलो. आत विस्तव होता. हात सोडवायला गेलो तर तिने धरूनच ठेवला.

"जलतंय ना? कोनी आग लावली? कोनीच न्हाय. आत मारामारी चालू हाय, सायब. ह्यो त्याला खातंय, त्यो ह्याला खातंय. सगली एकमेकांच्या उरावर बसलीत. मारामारी सरल तवा माती व्हल. तुजा अर्ज पन व्हल."

चार महिन्यांनी एका सकाळी दाराची कडी वाजली. दारात हिरूबाई. तिने माझा हात ओढून तळव्यावर मूठभर काळी माती ठेवली. रवाळ, गार, भुसभुशीत. वास कसलाच नाही, असलाच तर जुन्या लाकडाचा. "ह्यो तुजा अर्ज," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. सुमन इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्या मातीत तिने तुळस लावली.

हिरूबाईच्या जागेची गोष्ट मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळली. तिचं माहेर तारोडीचं, समुद्राच्या अंगाचं. सासर पेणकरपाड्याचं. नवरा मिठागरात कामाला होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. दिरांनी वाटणी केली तेव्हा भाताची जमीन आपल्याकडे ठेवली आणि खाडीच्या बाजूचा खारीचा तुकडा तिच्या पदरात टाकला. उन्हाळ्यात तिथे मिठाचा पांढरा थर यायचा आणि गवताची काडी उगवायची नाही. तो तुकडाही तिने सोडून माहेरी जावं म्हणून थोरल्या दिराने तिला एकदा वल्ह्याच्या दांड्याने मारलं होतं. तेव्हापासून तिला डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. दुसऱ्या दिवशी, डोक्याला फडकं बांधून, तिने तुकड्याभोवती बांध घालायला घेतला.

तीन पावसाळे तिने बांधात पाणी कोंडून, सोडून, पुन्हा कोंडून मीठ धुवून काढलं. मग माती करायला सुरुवात केली. तारोडीच्या बंदरावरून माशांची डोकी, आतडी, सडकी कोळंबी पाटीत भरून आणायची. खाली पेंढा, वर शेण, मध्ये मासळी, चुलीची राख, पुन्हा पेंढा. मेलेलं कुत्रं असो की शेजाऱ्याची रोगाने गेलेली म्हैस, गावात काही मेलं की लोक तिला हाक मारायचे. ती नाक मुरडायची नाही. कोयत्याने तुकडे करायची आणि ढिगात पुरायची. बघवायचं नाही आपल्याला. पण वर्षाला बोटभर, अशी करत करत पंचवीस-तीस वर्षांत तिने त्या खारीवर हातभर माती चढवली होती. मी पाहिलं तेव्हा तिथे अळू माझ्या कमरेला लागायचं, आणि वांगी अशी की सुमन भाजायला घेताना आधी दोन मिनिटं नुसती बघत बसायची.

माती झाली की नाही, हे ती जिभेवर ठेवून बघायची. मलाही चाखायला लावलीच. मी थुंकायला लागलो तर पाठीत धपाटा घातला. "थुकतोस कनाला? मीठ लागतंय का सांग." नाही लागत, म्हटलं. "मंग! माज्या सासऱ्याच्या बापाला पन जमलं नसतं." तिचं कौतुक ती स्वतःच करून टाकायची, दुसऱ्यावर सोडायची नाही.

शिव्या तिच्या खास होत्या. आईबहिणीवरून नाही. सगळ्यात वाईट शिवी म्हणजे 'पिलास्टिक'. बिल्डिंगा वाढल्या तशा ढिगात पिशव्या यायला लागल्या होत्या. मुळ्याच्या मुळाशी दोन वर्षांपूर्वीची पिशवी जशीच्या तशी निघाली की हिरूबाई ती बोटात धरून उंच करायची, जणू मेलेला उंदीर. "बग कसा ऱ्हायलाय. मारामारीत उतरला न्हाय ह्यो. सगली मेली, माती झाली, ह्यो आपला बाजूला उभा." माणसांनाही तीच मोजपट्टी. भाजी घेताना हुज्जत घालणारा, रस्त्यावरचं भांडण बघत उभा राहणारा, सगळे पिलास्टिक. एकदा एका टेम्पोवाल्याने तिच्या बांधावर गाडी घातली आणि वर हसला, तर तिने त्याला गचांडी धरून खाली ओढलं आणि माशांच्या पाटीत त्याचं तोंड दाबलं. सोडला तेव्हा तो ओकत होता. मी खिडकीतून बघत होतो. मला तेव्हा फार मजा वाटली होती, हे कबूल करतो.

आता निर्माल्याचं सांगायला हवं.

सुमनची देवपूजा कडक. रोजची फुलं एका कापडी पिशवीत साठायची, पिशवी खिडकीच्या खिळ्याला लटकायची आणि दर रविवारी मी ती भाईंदर पश्चिमेला जाऊन खाडीत सोडून यायची, असा घरचा नियम. देवाचं निर्माल्य वाहत्या पाण्यातच गेलं पाहिजे, पायदळी येता कामा नये. एका रविवारी ऊन फार होतं. मी पिशवी घेऊन निघालो, कोपऱ्यावर ढिगाशी हिरूबाई दिसली. म्हणाली, "कवा कवाचा कुजका माल घेऊन फिरतोस. दे इकरं." मी इकडेतिकडे बघितलं आणि दिली. तिने तिथेच पिशवी उपडी केली, हारातले दोरे आणि जरीची पट्टी वेगळी काढली, फुलं ढिगात सारली. मी विचारलं, "हिरूबाई, देवाची फुलं आहेत, चालेल ना?"

"देवाला वाहिली ना? देवानं घेतली. आता ह्यी साल हाय. देव काय केल्याची साल सांभालत बसतो?"

त्यानंतर मी कधी खाडीवर गेलो नाही. पिशवी तिला द्यायची, नाक्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात तासभर पेपर वाचायचा आणि घरी येऊन म्हणायचं, "आज खाडीला काय वारा होता!" सुमनला खरं वाटायचं. ढीगही तापायचा. झेंडू आत गेला की आठवडाभर सहाच्या पुढे मोजता येत नाही, असं हिरूबाई सांगायची. आणि पुढेपुढे तिच्याकडे एवढी फुलं दिसायला लागली की ती एका घरची असणं शक्य नव्हतं. बिल्डिंगमधले आणखीही काही रविवारचे प्रवासी खाडीपर्यंत पोचत नव्हते तर. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच. विषय कुणी काढत नव्हतं.

नव्वदीची दोन-तीन वर्षं गेली आणि पेणकरपाड्यात जमिनीला माणसांपेक्षा जास्त भाव आला. हिरूबाईच्या तुकड्यापलीकडे एका बिल्डरने मोठी योजना मांडली होती आणि रस्ता तिच्या अळवातून जायचा होता. त्याचा पप्पू नावाचा माणूस आधी मिठाई घेऊन आला. मिठाई ढिगात गेली. मग तो दोन पोरं घेऊन आला, तेव्हा मासळी धुतलेल्या पाण्याची बादली त्याच्या पांढऱ्या सफारीवर गेली. मग रात्रीतून तिच्या बांधावर डेब्रिजचा एक ट्रक रिकामा झाला. तिने दोन दिवस ते दगडविटांचे तुकडे एकेक करून रस्त्यावर फेकले आणि तिसऱ्या दिवशी ट्रक दिसताच कोयता घेऊन त्याच्या टायरवर धावली. ट्रक मागे फिरला. माती करायला तिला तीस वर्षं लागली होती. एका सकाळच्या भरणीत ती गाडली गेली असती. हे पप्पूलाही कळत होतं आणि तिलाही.

त्या वर्षी गणपती होऊन आठवडा झाला होता. रविवार, सकाळचे आठ. मी दुधाच्या पिशव्या घेऊन येत होतो, तर भिंतीपलीकडे गर्दी. पप्पू उकिरड्यावर चढला होता. एका हातात माशाचं मुंडकं, दुसऱ्या हातात हार.

"देखो! बघा सगळ्यांनी! आपल्या बाप्पाचा हार मच्छीच्या घाणीत! ही बाई आपला देव सडवते इथे!"

बघताबघता दोनअडीचशे माणसं जमली. निम्मी मी कधी पाहिली नव्हती, पण निम्मी आमच्याच बिल्डिंगांमधली होती. ज्यांना तिचा वास नको होता त्यांना आता ओरडायला कारण मिळालं होतं. सावंत सगळ्यात पुढे. "हा आमच्या धर्माचा अपमान आहे!" असं ते काठी आपटून म्हणत होते. हिरूबाई ढिगापुढे दाताळं घेऊन उभी होती.

"किसके घर का है ये?" पप्पू हार नाचवत ओरडला. "कोणी दिला हिला? कोण तो हरामखोर? बोला!"

तो हार आमचा होता. सुमन दोऱ्याऐवजी जुन्या साडीच्या चिंध्यांनी हार बांधायची. हिरूबाईची नजर चुकून राहिलेली निळी चिंधी मी वीस फुटांवरून ओळखली. हिरूबाईनेही माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी तोंड उघडलं असतं, 'मी दिला, आमच्या घरचा आहे' एवढं म्हटलं असतं, तर त्या आरोपातली हवा गेली असती. सोसायटीतला माणूस स्वतःच्या हाताने निर्माल्य देतो म्हटल्यावर गर्दीला मारायला कारण उरलं नसतं. निदान चार मिनिटं गोंधळ झाला असता. मला हे तेव्हाही कळत होतं. मी दुधाच्या पिशव्या छातीशी धरून उभा राहिलो.

"मी आनली," हिरूबाई म्हणाली. "कोनी दिली न्हाय. खाडीवरून उचलली."

मग पहिली वीट आली. ती तिच्या खांद्याला लागली. तिने दाताळं फिरवलं, एकाची नडगी फोडली, दुसऱ्याच्या गालावर चार ओरखडे काढले. तिसरा मागून आला. तिला खाली पाडल्यावर पप्पूने तिचा उजवा हात दगडावर धरला आणि कुणीतरी, कोण ते मला आजही माहीत नाही, त्यावर पहार घातली. तो आवाज सांगण्यासारखा नाही. ढीग लाथांनी, फावड्यांनी उधळला. उरलेल्यावर रॉकेल ओतून पेटवलं. अळू तुडवलं. वांग्यांची झाडं मुळासकट उपटून फेकाफेकी झाली, त्यातलं एक वांगं माझ्या पायाशी आलं. पोलिसांची गाडी आली तोवर सगळे पांगले होते. मी घरी गेलो आणि दूध फ्रिजमध्ये ठेवलं.

सुमन खिडकीत उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

"ती चिंधी माझ्या साडीची होती," ती म्हणाली.

मी खाडी, ऊन, न्हावी, सगळं एका दमात सांगून टाकलं. ती देवाच्या फुलांवरून चिडेल असं मला वाटलं होतं.

"फुलांचं देव बघून घेईल," ती म्हणाली. "त्या बाईचा हात मोडत होते तेव्हा तू दूध सांभाळत होतास." आणि चपला घालून निघून गेली. हिरूबाईला रिक्षात घालून भाईंदर पश्चिमेच्या दवाखान्यात नेली ती सुमनने आणि तळमजल्यावरच्या शांताबेनने. मी नाही.

मी तिसऱ्या दिवशी गेलो. हात प्लास्टरमध्ये, कपाळावर टाके, एक डोळा सुजून बंद. मी खाटेजवळ उभा राहून म्हटलं, "हिरूबाई, मी तिथे होतो. मी बोललो नाही." तिने मला डाव्या हाताने खुणेने जवळ बोलावलं. मी वाकलो आणि तिने त्याच हाताने माझ्या कानफटात मारली. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते चपराकीचं नव्हतं.

"तापलास?" तिने विचारलं.

"तुम्ही आमची नावं का नाही घेतलीत?"

"सात घरची फुलं येतात. तुजी, शांताबेनची, त्या सावंताची पन."

"सावंतांची?"

"तर! त्याची सून आनून देते. नावं घेतली असती तर सातपन घरची फुलं बंद झाली असती. मंग माजा ढीग तापला असता कशानं? तुज्या अर्जानं?" एवढं बोलून ती हसायला गेली आणि टाके ताणल्यामुळे कळवळली. मग म्हणाली, "वरून जाललाय मेल्यांनी. आतला काय झाला? जा, हात घालून बग. मना येऊन सांग."

मी दवाखान्यातून थेट तिथे गेलो. राख, जळका पेंढा, रॉकेलचा वास. भर दुपार, समोर तीन बिल्डिंगांच्या खिडक्या. मी बाही वर केली आणि उरलेल्या ढिगात हात घातला. वरचा थर गार, ओला. मी आणखी आत गेलो, कोपरापर्यंत, आणि मोजायला लागलो. सहाला हात बाहेर काढावा लागला. मी रस्त्यावरच रडलो. परत जाऊन तिला "सहा" एवढंच सांगितलं, तर तिने डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून कचेरीला जायच्या आधी मी दाताळं धरलं. उधळलेलं गोळा केलं, वरखाली केलं, तारोडीहून तिचा भाऊ पाट्या पाठवायचा त्या ठेचल्या. मला ओकाऱ्या यायच्या. कुणीतरी माझ्या दारावर काळं फासलं. सावंतांनी बोलणं टाकलं, ते कायमचं. मदतीला सुमन आणि शांताबेन सोडून कुणी आलं नाही. सुमन आता निर्माल्य उघड्या परडीतून घेऊन यायची, सगळ्यांदेखत, आणि स्वतःच्या हाताने ढिगात घालायची. हिरूबाई परत आली ती वाकडा जुळलेला हात घेऊन. तो पुन्हा कधी सरळ झाला नाही. त्यानंतर ढिगात हात घालायचं काम माझं झालं. ती बांधावर बसून आकडे मोजायची, आणि मुद्दाम सावकाश मोजायची.

जागा शेवटी गेलीच. थोरल्या दिराच्या मुलाने विक्रीच्या कुठल्यातरी कागदावर तिचा अंगठा दाखवला, आणि कागदांशी लढायची सवय असलेला मी चार वर्षं अर्ज करून हरलो. ताबा द्यायला आठ दिवस उरले तेव्हा मी तिच्यासमोर मान खाली घालून बसलो होतो. तिने माझ्या पायावर माती फेकली.

"रडतोस कनाला? जागा त्यांची असंल. माती माजी हाय. माती मी केली."

ते आठ दिवस मी विसरणार नाही. हातभर खोल माती आम्ही घमेल्यांनी उचलली. आमच्या कंपाउंडच्या आतल्या पट्ट्यात टाकली, शांताबेनच्या अंगणात टाकली, कुंड्यांत, फुटक्या बादल्यांत, तेलाच्या डब्यांत भरून मजल्यामजल्यावर दिली. हिरूबाई डाव्या हातात काठी घेऊन सगळ्यांना हाकत होती. चुकलं की पोटरीवर फटका. सावंतांच्या दारातही तिने एक पोतं नेऊन ठेवायला लावलं. मी नाही म्हटलं तर म्हणाली, "त्याची पन फुलं हायत त्याच्यात." पोतं दोन दिवस तसंच होतं, तिसऱ्या दिवशी नव्हतं. पुढे त्यांच्या गॅलरीत तुळस जोरात वाढली.

ट्रक आले तेव्हा तिथे फक्त पांढरट खार उरली होती. हिरूबाईने वाकून चिमूट उचलली, जिभेवर ठेवली आणि पप्पूच्या बुटांजवळ थुंकली. "घे. जशी दिली व्हती तशीच हाय," म्हणाली आणि तारोडीला भावाकडे निघून गेली.

पुढे दोन पावसाळे ती होती. आम्ही भेटायला जायचो. दर वेळी बजावायची, "मना जालू नका. खाडीत पन टाकू नका. ढिगात घाला, वर झेंडू घाला. कोनाच्या तरी अळवाला कामाला येन." तिचा भाऊ हसायचा. मीही हसायचो. ती गेली तेव्हा रीतीप्रमाणे जाळली आणि राख समुद्रात गेली. मी किनाऱ्यावर उभा होतो आणि काहीही बोललो नाही. असं काही बोलता येतच नाही माणसाला, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती अजून पटलेली नाही.

घरी येऊन मी कंपाउंडच्या कोपऱ्यात, तिच्या मातीच्या पट्ट्यात, ढीग रचला. पेंढा, शेण, मासळी, घरची फुलं. महिना झाला असेल. एका रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेले गृहस्थ खिडकीत येऊन ओरडायला लागले. "ये गंदगी किसने डाली है? देवाचे हार मच्छीत! कोणी टाकले? बोला ना, कोणी?"

एकेक खिडकी उघडली. सावंत गॅलरीत आले. माणसं जिन्यातून खाली यायला लागली, एकाच्या हातात काठीही होती. माझा हात तेव्हा ढिगात कोपरापर्यंत होता. मी मोजत होतो. पाच. सहा. चटका बसत होता, पण हात काढला नाही.

"मी," मी ओरडून सांगितलं. "माझ्या घरचे आहेत. मी टाकले."